अंधारात राहिलेले चेहरे

सहलीहून परतल्यावर घरातली मंडळी फोटो पाहायला बसली की एक वाक्य हमखास कानी येते : "तिथे किती छान दिसत होते, फोटोत काहीच उतरले नाही." मग कुणी फोनला नावे ठेवते, कुणी फोटो काढणाऱ्याला. खरे पाहता बऱ्याचदा दोष दोघांचाही नसतो. डोळ्याची आणि कॅमेऱ्याची पाहण्याची रीतच निराळी. देवळाच्या सभामंडपात उभे राहून आपण बाहेरच्या उन्हाकडे पाहतो तेव्हा डोळ्यातली बाहुली आकसते, आत नजर वळवली की ती पुन्हा मोठी होते. या दोन नजरा मेंदू इतक्या बेमालूमपणे जोडून देतो की ऊनही दिसते आणि खांबाआडची आजीही दिसते. बिचाऱ्या कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला एका क्षणात, एकाच मापाने सगळे मोजून घ्यायचे असते. उन्हाचे माप धरले तर आजी काळी पडते आणि आजीचे माप धरले तर बाहेरचे अंगण पांढरेफटक होते.

पुणेकरांच्या दोन दिवसांच्या सहलीसाठी शिरूर आणि दौंड हे दोन तालुके सोयीचे आहेत. नगर रस्त्याने निघावे, रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घ्यावे, घोडनदीच्या काठचे शिरूर गाठून टाकळी हाजीची कुंडे पाहावीत. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरून सोलापूर रस्ता धरावा. पुढे दौंड, भीमेपलीकडचे सिद्धटेक आणि वेळ उरला तर भिगवणचे पाणी. हिल स्टेशनचे धुके इथे नाही, समुद्राचा मऊ उजेड नाही. इथे आहे ते देशावरचे लख्ख, निष्ठुर ऊन, काळा दगड, पांढरी टोपी आणि उन्हात रापलेला माणूस. फोटो काढणाऱ्याची परीक्षा पाहायला याहून कठीण प्रश्नपत्रिका कुणी काढली नसती.

ही परीक्षा देण्याचा एक मार्ग आता हौशी माणसाच्याही आवाक्यात आला आहे. त्याचे नाव 'रॉ'. नावाप्रमाणेच कच्चा. कॅमेरा किंवा फोन आपल्याला एरवी जो फोटो देतो तो 'जेपेग' प्रकारचा, म्हणजे शिजवून ताटात वाढलेला. मीठ किती, तिखट किती, हे कॅमेऱ्यातल्या यंत्रणेने परस्पर ठरवलेले असते आणि उरलेला शिधा तिने फेकून दिलेला असतो. रॉ म्हणजे तो शिधाच. सेन्सरवर जेवढा उजेड पडला त्याचे जसेच्या तसे मोजमाप. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या चिमुकल्या घरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची जाळी असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावावर या जाळीचे १९७६चे पेटंट आहे. जाळीतली निम्मी घरे हिरवी, उरलेल्यांत लाल आणि निळी निम्मी-निम्मी. प्रत्येक घर फक्त आपल्या रंगाचा उजेड मोजते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. काळवंडलेला कोपरा उजळायला गेलो की जेपेगच्या पायऱ्या चटकन संपतात आणि चेहऱ्यावर चट्टे दिसू लागतात. रॉमध्ये हात फिरवायला जागा असते.

यात 'कॉम्प्युटरची लबाडी' आहे असे म्हणणारी जुनी मंडळी भेटतात. त्यांनी लाल दिव्याची खोली आठवावी. कागदावर निगेटिव्हचा उजेड पडत असताना हाताचा पंजा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून एखादा चेहरा उजळ ठेवायचा आणि पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त आकाशाला जास्त उजेड द्यायचा, हे शहाणे फोटोग्राफर कायमच करीत आले. फ्रान्समधील ग्यूस्ताव ल ग्रे यांनी तर १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो दोन काचांवरून छापले, एक आकाशाची आणि एक पाण्याची. कारण त्या काळची काच निळ्या रंगाला अवाजवी संवेदनशील होती आणि आकाश हटकून पांढरे येई. अमेरिकेचे अॅन्सेल अॅडम्स हे तरुणपणी पियानो शिकलेले. ते निगेटिव्हला संगीताच्या लिपीची आणि छापील फोटोला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. तेव्हा फोटो 'धुताना' तो घडवायचा ही परंपरा चांगली दीडशे वर्षांहून जुनी आहे. प्रश्न आहे तो कुठवर घडवायचा एवढाच.

कुंडांपाशी दुपारचे बारा

कुकडी नदीच्या पात्रातली कुंडे निघोजची म्हणून प्रसिद्ध आहेत, पण नदीचा एक काठ पारनेर तालुक्यातल्या निघोजचा आणि दुसरा शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीचा. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षे बेसॉल्टचा कातळ घासून रांजणासारखे खोल खड्डे कोरले. सहलीची गाडी इथे पोचते ती नेमकी भर दुपारी, कारण सकाळ रांजणगावला जाते. वरून ऊन, कडांवर चकाकणारा ओला दगड आणि कुंडाच्या पोटात काळोख. (कडा निसरड्या असतात. फोटोसाठी मुलांना काठावर उभे करू नये, हे सांगायला फोटोग्राफर कशाला हवा.)

अशा ठिकाणी रॉ काढणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काळे पडलेले बरेचसे परत मिळते, पांढरे करपलेले मिळत नाही. सेन्सरच्या घरात उजेड काठोकाठ भरला की त्यापुढचा वाहून जातो. त्याची नोंदच नसते, मग कितीही मोठा कारागीर असला तरी तो तिथे काय आणणार? तीन रंगांपैकी एखादा रंग शाबूत राहिला असेल तर सॉफ्टवेअर अंदाजाने थोडीफार भर घालते, पण तो अंदाजच. उलट अंधाऱ्या भागात थोडा का होईना उजेड नोंदलेला असतो. चांगल्या कॅमेऱ्यात, आयएसओ कमी ठेवला असेल तर, तो भाग दोन-तीन 'स्टॉप' सहज उजळता येतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे तीन स्टॉपला आठपट झाले. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्याची ताकद कमी. तिथे फार ओढले तर वाळू फेकल्यासारखे कण दिसू लागतात.

म्हणून कुंडांपाशी माप धरायचे ते उन्हातल्या पाण्याचे. फोनवर उजळ भागावर बोट टेकवावे आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढावे. पडद्यावर फोटो जरा काळपट दिसेल, दिसू द्यावा. मोठ्या कॅमेऱ्यात आलेख दाखवण्याची सोय असते. त्याची उजवी बाजू भिंतीला थडकलेली नसली म्हणजे झाले. हा आलेख बहुतेक कॅमेरे आतल्या आत केलेल्या जेपेगवरून काढतात, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते, हीही एक गुपचूप मिळणारी शिल्लक.

घरी आल्यावर 'हायलाइट्स'ची पट्टी खाली, 'शॅडोज'ची वर. कुंडाचा तळ दिसू लागतो, दगडावरच्या घासल्याच्या रेघा उमटतात, आनंद होतो. इथेच हात आवरायला हवा. दोन्ही पट्ट्या टोकाला नेल्या की कुंडाची कड आणि तळ सारख्याच उजेडाचे होतात आणि तीस फुटांचा खड्डा परातीसारखा उथळ दिसू लागतो. खोलीचा सगळा भास सावलीवर उभा असतो. मध्यंतरी 'एचडीआर'च्या नावाखाली अशा फोटोंची साथ आली होती. ढग शिशाचे, गवत पोपटी, माणसे मेणाची. दुपार होती तर फोटोतही दुपार दिसू द्यावी. पाहणाऱ्याला तळ शोधावा लागला पाहिजे, पण शोधल्यावर सापडलाही पाहिजे.

रांजणगावला गोष्ट वेगळी. मंदिर पूर्वाभिमुख आहे. दक्षिणायन-उत्तरायणाच्या संधिकाळात सूर्याचे किरण मूर्तीवर पडावेत अशी त्याची रचना असल्याचे सांगतात. जुन्या स्थपतींना उजेडाची केवढी जाण होती, असे अशा वेळी वाटते. आपल्याला त्यातून घ्यायचा तो साधा व्यवहार : देवळाच्या तोंडावर ऊन हवे असेल तर सकाळी जावे. संध्याकाळी सूर्य शिखरामागे गेल्यावर समोर उभे केलेले कुटुंब आणि मागचे झगझगीत आभाळ यांची सांगड घालत बसण्यापेक्षा दोन तास लवकर निघणे सोपे. रॉ हा आळसावरचा उतारा नव्हे. गाभाऱ्यात जिथे फोटोला मनाई असते तिथे फोन खिशात ठेवावा. डोळे मिटूनही काही गोष्टी पाहता येतात.

गुऱ्हाळातले तीन उजेड

दौंड तालुक्यात, केडगाव-राहूच्या पट्ट्यात, उसाच्या हंगामात गुऱ्हाळे पेटतात. पत्र्याची शेड, आत मोठी काहिल, तिच्यावर वाफेचा ढग. खाली चुलवाणात चिपाडे धगधगतात. छपराच्या फटींतून उन्हाचे तिरपे खांब वाफेत उतरलेले असतात आणि एका कोपऱ्यात पांढरी ट्यूब जळत असते. फोटो काढणाऱ्याच्या तोंडाला काकवीआधीच पाणी सुटावे असे हे दृश्य. नव्वद टक्के वेळा ते घरी येते ते मात्र एका बाजूला नारिंगी आणि दुसऱ्या बाजूला निळेजांभळे होऊन.

कारण उजेडाला रंग असतो आणि डोळा तो आपल्यापासून लपवतो. कागद दिव्याखालीही पांढरा आणि अंगणातही पांढरा, असे मेंदू आपल्याला समजावत असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दुपारचे ऊन साधारण ५,५०० केल्विन, सावलीतला उजेड ७,०००च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २,८००, चुलीची ज्वाळा त्याच्याही बरीच खाली. (आकडा जितका कमी तितका उजेड तांबडा, म्हणजे बोलीभाषेतल्या 'ऊबदार'च्या नेमका उलट हिशेब. शास्त्रज्ञांचा त्यात दोष नाही, लोखंड तापवले तर आधी लाल आणि मग पांढरे होते.) जेपेगमध्ये कॅमेरा यातला एक आकडा निवडून मोकळा होतो. रॉमध्ये तो निर्णय आपल्या हाती राहतो. 'व्हाइट बॅलन्स'ची पट्टी घरी बसून, चहा पीत, हवी तशी सरकवता येते आणि फोटोची काही हानी होत नाही.

पण गुऱ्हाळात एक आकडा पुरत नाही. ट्यूबचे ऐकावे तर चूल पेटून उठते, चुलीचे ऐकावे तर दारातले ऊन निळे होते. आता सॉफ्टवेअरमध्ये फोटोचा एखादा भाग वेगळा निवडून तेवढ्यालाच उपचार करता येतात. त्यासाठी 'मास्क' नावाची सोय असते. वाफेतले उन्हाचे खांब पांढरे राहतील एवढा बॅलन्स आधी धरावा, ट्यूबचा कोपरा निवडून त्याचा निळसर-हिरवा रंग उतरवावा आणि चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला अजिबात हात लावू नये. तो लालच दिसायला हवा. ज्वाळेपुढे बसलेल्या माणसाचा चेहरा 'शुद्ध' करून बँकेच्या काउंटरवरच्या माणसासारखा करणे ही सुधारणा नव्हे. उजेडाचा रंग हा त्या जागेचाच भाग असतो. काढायचा तो कॅमेऱ्याचा गोंधळ, जागेचा स्वभाव नव्हे.

यवतला आषाढी वारीत अशीच गंमत होते. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर करून यवतला मुक्कामी येते आणि गावाची पिठले-भाकरीची पंगत वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. पंगतीवर कापडी मांडव. हिरव्या कापडाखाली बसलेले वारकरी फोटोत हिरवे, लाल कापडाखालचे लाल. 'टिंट'च्या पट्टीने हिरवेपणा बराच उतरतो. पण कापड फार गडद असेल तर त्यातून दुसरे रंग झिरपलेलेच नसतात. जे आत आले नाही ते फाइलीत नाही. अशा वेळी सरळ कृष्णधवल करावे. पिठल्याचा पिवळा रंग जाईल, पण भाकरी मोडणारे हात राहतील.

पांढरी टोपी आणि रापलेला चेहरा

यवत, वरवंड आणि मग पाटस सोडल्यावर रोटी घाट. पालखीचा रथ चढ चढत असतो, आभाळ ढगाळ पण डोळे दिपवणारे. समोरून येतात पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि त्यात काळेसावळे, घामाने चमकणारे चेहरे. या लेखाचे खरे दुखणे इथे आहे.

कॅमेऱ्याचे मापन-यंत्र असे धरून चालते की जगातला सगळा उजेड-अंधार कालवला तर एक मध्यम करडा रंग तयार होतो. त्याला पांढऱ्यांची गर्दी दाखवली की ते म्हणते, 'उजेड फार झाला', आणि सगळे काही एक पायरी काळे करते. टोप्या करड्या होतात आणि टोप्यांखालचे चेहरे कोळसा. म्हणजे ज्या माणसांचा फोटो काढायला आपण घाटात उभे राहिलो तीच माणसे फोटोतून जातात. उरतात कपडे.

फोटोचे तंत्र आणि सावळी कातडी यांचे हे वाकडे जुने आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून जे नमुन्याचे कार्ड जाई त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर बराच काळ गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिचा गाल बरोबर आला की यंत्र जुळले. बाकीच्या जगाचे गाल कसे येतात याची चौकशी पुष्कळ उशिरा झाली. असे सांगतात की चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी आपल्या मालाचे तपकिरी रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा कुठे फिल्ममध्ये सुधारणा झाली. गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये 'रिअल टोन' नावाने सावळ्या-काळ्या वर्णांसाठी वेगळी मेहनत घेतली ती २०२१ साली. म्हणजे गोष्ट अगदी कालपरवाची.

आपल्याकडे तर या दुखण्याला घरचाही हातभार आहे. लग्नाळू मुलीचा फोटो काढताना स्टुडिओवाल्याला 'जरा उजळ काढा' असे हळूच सांगणारे वडील कुणी पाहिले नाहीत? बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी नाजूक रेघा भरल्या की छापताना गाल गोरे येत. ही कला स्टुडिओवाल्यांच्या हातात पुरेपूर होती. आज तेच काम फोनमधले एक बटण करते, न सांगता करते आणि पैसेही घेत नाही. अंधारातला चेहरा उजेडात आणणे आणि सावळा चेहरा गोरा करणे या दोन क्रिया पडद्यावर अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत तीच पट्टी उजवीकडे सरकते. फरक कुठे थांबायचे यात आहे.

आमच्या एका आत्याबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. नातवाने त्यांना सिद्धटेकला नेले. सिद्धिविनायकाचे दर्शन झाले, मग नदीच्या काठावर त्यांना बसवून फोटो काढला. मागे भीमेचे पात्र उन्हात चमचमणारे, पुढे आत्याबाईंचा चेहरा संपूर्ण काळा. नातू हुशार, त्याने फोनवर रॉ चालू ठेवला होता. पण घाईत त्याने आधी जेपेग एका अॅपमध्ये टाकला, एक बटण दाबले आणि क्षणात आजी उजळल्या. इतक्या उजळल्या की सुरकुत्या गेल्या, गालाची हाडे गेली आणि कपाळावरचे व हनुवटीवरचे हिरवे गोंदण डाग समजून पुसले गेले. आत्याबाईंनी फोन लांब धरून पाहिला. "माझं गोंदण कुठं गेलं रं?" एवढेच विचारले. ते त्यांच्या आईने माहेरी जत्रेत काढून घेतलेले. सत्तर वर्षांत ते एकदाही गेले नव्हते.

मग नातवाने मूळ रॉ उघडली. मी शेजारी बसलो होतो. त्याने आधी पूर्ण फोटो थोडासाच उजळला, चेहरा आणि हात निवडून त्यांना दीड स्टॉप दिला आणि नदी आहे तशी चमकत ठेवली. रंगापाशी तो अडला. चेहरा कधी पिवळा वाटे, कधी राखाडी. फोनच्या पडद्याला विचारून उपयोग नव्हता. तेव्हा आत्याबाईंनीच कपाटातून ते दिवशी नेसलेले लुगडे काढून आणले. लुगडे खिडकीच्या उजेडात धरले आणि फोटोतल्या लुगड्याचा रंग त्याच्याशी जुळेपर्यंत पट्टी सरकवली. लुगडे जुळले तसा चेहराही आपोआप जागेवर आला : सावळा, तांबूस, कपाळावर गोंदणाचे हिरवट ठिपके. थोडा अंधार चेहऱ्यावर राहिलाच. उन्हाला पाठ करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो असतोच.

ही लुगड्याची युक्ती मला कुठल्या पुस्तकात आढळली नव्हती. सहलीला घातलेला सदरा, टोपी, पिशवी, असे काही तरी घरात असतेच. कण घालवण्याची पट्टी, म्हणजे 'नॉइज रिडक्शन', वापरताना मात्र जपावे. कण आणि सुरकुती यांतला फरक यंत्राला अजून पुरता कळत नाही. चेहऱ्यावर वापरण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहावा आणि गोंदण, तीळ, देवीचे व्रण जागेवर आहेत याची खात्री करावी. घाटातल्या वारकऱ्यांनाही हाच न्याय. टोपीचे विणकाम दिसेल एवढाच उजेड आत घेऊन फोटो काढावा, नंतर चेहरे उचलावेत आणि गर्दीतला सर्वात काळा चेहरा गर्दीत सर्वात काळाच राहील हे पाहावे.

यापुढची पायरी निसरडी आहे. बातमीच्या फोटोंच्या जगात यावरून बरेच रण माजले. २०१५ साली 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका बाद झाल्या. मूळ फाइली मागवून तपासल्या तेव्हा फोटोत कुठे काही पुसलेले, कुठे सावल्या ठार काळ्या करून नकोसे लपवलेले आढळले. त्याच वर्षी 'रॉयटर्स'ने आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना रॉवरून केलेले फोटो पाठवू नयेत, कॅमेऱ्यातलेच जेपेग पाठवावेत असे कळवले. मला तो उपाय रोगापेक्षा कडक वाटतो. कॅमेऱ्यातला जेपेग काही निष्पाप नसतो. तो कारखान्यात बसलेल्या कुणीतरी ठरवलेला असतो, एवढेच. पण घरगुती अल्बमलाही थोडी शिस्त लागतेच. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. सकाळच्या धुरकट उजेडात ते फोटोत मळकट पांढरे दिसतात आणि हात आपोआप रंग वाढवण्याच्या पट्टीकडे जातो. पण इथे येणारा मोठा रोहित मुळातच फिकट असतो. गुलाबी झाक त्याला खाण्यातून मिळते आणि गडद रंग उघडतो तो पंख पसरल्यावर. पिल्ले तर चक्क करडी-तपकिरी असतात. धुरकटपणा उतरवावा, बॅलन्स सुधारावा. सगळा थवा गुलकंदात बुडवला तर त्यातली पिल्ले ओळखू येणार नाहीत.

आता थोडे व्यवहाराचे. रॉसाठी महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. अँड्रॉइड फोनमध्ये रॉची सोय २०१४ पासून आली, आयफोनवर 'प्रोरॉ' २०२० मध्ये. पण प्रत्येक मॉडेलमध्ये ती नसते, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधावी. सॉफ्टवेअरसाठी पैसे भरायची तयारी असेल तर 'लाइटरूम' आहे. नसेल तर 'डार्कटेबल' आणि 'रॉथेरपी' कॉम्प्युटरवर फुकट मिळतात आणि तितकेच सखोल आहेत, फक्त पहिले चार रविवार त्यांच्याशी झगडण्यात जातात. सगळेच फोटो रॉमध्ये काढू नयेत. आयफोनची १२ मेगापिक्सेलची प्रोरॉ फाइल सुमारे २५ एमबीची आणि ४८ मेगापिक्सेलची सुमारे ७५ एमबीची होते. पंगत, गाडीतली दंगा-मस्ती, उसाचा रस, हे साध्या फोटोत छान येते. जिथे एकाच चौकटीत ऊन आणि अंधार दोन्ही आहेत आणि अंधारात आपले माणूस आहे, तिथे रॉ.

मूळ फाइल कधी पुसू नये, ती दोन ठिकाणी ठेवावी. रॉवर केलेले बदल बाजूला नोंदले जातात, मूळ नोंदीला धक्का लागत नाही, त्यामुळे आज जमले नाही तर पुन्हा बसता येते. शिवाय सॉफ्टवेअर सुधारत राहते. कण घालवण्याची जी नवी तंत्रे २०२३ नंतर लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आली, त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, टाकाऊ ठरवलेल्या रॉ फाइलींतूनही बरेच काही बाहेर काढले आहे. जेपेगच्या नशिबी हा दुसरा जन्म क्वचितच येतो.

आणि छापून घ्यावेत, निदान वर्षाकाठी पाच-दहा. पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, कागदाला तो उसना घ्यावा लागतो. म्हणून फोनवर नेमका वाटणारा फोटो कागदावर जरासा काळपट येतो. छापायला देण्याआधी तो किंचित उजळ करावा आणि आधी एकच लहान प्रत काढून पाहावी. स्टुडिओतल्या यंत्रावर बहुधा आपोआप सुधारणा करण्याची सोय चालू असते. आपण लुगड्याशी जुळवून आणलेला चेहरा तिथे पुन्हा गोरा होऊन बाहेर पडू शकतो. तेव्हा फाइल देतानाच काउंटरवर सांगावे : "करेक्शन बंद ठेवा, आहे तसाच काढा."